टॅपवरची बिअर चाखण्याची संध्याकाळ: चाळीसगावच्या सहाजणांना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. चाळीसगावचे सहा मित्र पुण्याला जाणार आहेत आणि एका संध्याकाळी तीन मायक्रोब्रुअऱ्या, म्हणजे स्वतःची बिअर जागेवरच बनवून विकणाऱ्या जागा, करायचा बेत आहे. आजवर सगळ्यांनी बाटलीतली स्ट्राँगच प्यायलेली. आता प्रकारांतला फरक कळावा, खराब बिअर ओळखता यावी आणि परतल्यावर घरी अशीच एक बैठक जमवता यावी, एवढी अपेक्षा आहे.

बेतात पहिला बदल हा करा की तीन जागांऐवजी दोनच ठेवा. सात-आठ नमुन्यांनंतर नवख्या जिभेला कडू आणि जास्त कडू एवढाच फरक उरतो. तिसऱ्या जागेचे पैसे मग चाखण्याचे राहत नाहीत, नुसते पिण्याचे होतात. शिवाय पुण्यात संध्याकाळी सातला एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचे म्हणजे तास-दीड तास रस्त्यातच. दोन जागा, प्रत्येक ठिकाणी चार नमुने, नमुना १०० मिलीचा. बहुतेक मायक्रोब्रुअऱ्यांत लहान ग्लासांचा सॅम्पलर ट्रे मिळतो. तो नसेल तर एक मोठा ग्लास आणि दोन-तीन रिकामे लहान ग्लास मागून वाटून घ्या, कोणी नाही म्हणत नाही. ऑर्डरीआधी घोटभर टेस्टर मागायलाही लाजू नका, तिथे ती रीतच आहे.

आता हिशेब. ६५० मिलीची ७.५ टक्क्यांची स्ट्राँग म्हणजे जवळजवळ ४९ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात ३८ ग्रॅम. सरासरी साडेपाच टक्क्यांचे १०० मिलीचे आठ नमुने म्हणजे ४४ मिली, वजनात सुमारे ३५ ग्रॅम. म्हणजे आठ वेगवेगळ्या बिअर चाखूनही तुमच्या नेहमीच्या एका बाटलीपेक्षा कमीच पोटात जाते. ‘एवढुशा ग्लासांनी काय होणार’ असे गटातला कोणीतरी म्हणणारच, त्याला हा आकडा दाखवा.

पण याच आकड्याची दुसरी बाजूही बघा. ६० किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तात ३५ ग्रॅममुळे सुमारे ८५ मिलिग्रॅम प्रति १०० मिली अल्कोहोल चढते. शरीर तासाला १५ च्या आसपास उतरवते. तीन तासांत आठ नमुने घेतले तरी शेवटी ४० च्या वर काटा राहतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा ३० आहे. पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. तेव्हा गाडी चाळीसगावहून नेली असेल तरी ती लॉजवरच उभी करा, रात्री टॅक्सी. त्याच रात्री परतीचा प्रवास तर नकोच, कारण चालवणारा एकटा कोरडा राहिला तरी मध्यरात्री इतके अंतर त्याच्यावर टाकणे बरे नाही. मधुमेहाच्या किंवा जंतुसंसर्गाच्या गोळ्या कोणाला चालू असतील तर त्याने डॉक्टरांना आधी विचारावे. मेट्रोनिडाझोल चालू असेल तर त्याने फक्त वास घ्यावा.

आदल्या दिवशी नाकाची तयारी

बिअर ओळखण्याचे तीन चतुर्थांश काम नाकाचे आहे आणि ही तयारी चाळीसगावात, स्वतःच्या स्वयंपाकघरात, जवळजवळ फुकटात होते. खानदेशी माणसाला इथे एक बाजू आधीच जमेची आहे. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा, म्हणजे हेफेवायझनचा, ओळखीचा वास केळीचा असतो. त्यात केळे घातलेले नसते. यीस्ट आंबवताना आयसोअमाइल अॅसिटेट नावाचे द्रव्य तयार करते आणि पिकलेल्या केळाच्या वासातही तेच मुख्य असते. रावेर-यावलच्या केळीवर वाढलेल्या नाकाला कच्चट, नुकतेच पिकलेले आणि साल काळी पडू लागलेले केळे वासावरून वेगळे सांगता येते. हेफेवायझन चाखताना हाच भेद कामाला येतो. नुकत्या पिकलेल्या केळाचा वास म्हणजे आंबवण नीट झाले. जास्त पिकलेल्या, जरा उग्र वासाकडे झुकला तर आंबवण बहुधा गरम झाले असे समजावे. ते २२-२३ अंशांच्या वर गेले की यीस्ट केळीचा वास भरमसाट सोडते.

सहा वाट्या घ्या. पहिलीत केळीच्या तीन अवस्थांच्या चकत्या. दुसरीत दोन लवंगा ठेचून, कारण हेफेवायझनमध्ये केळीच्या मागे लवंग येते. तिसरीत भरडलेले धने आणि संत्र्याच्या सालीचा तुकडा, ही बेल्जियन विटबिअरची, म्हणजे तिथल्या गव्हाच्या बिअरची खूण, आणि तिच्यात हे दोन्ही खरोखर घातलेले असतात. चौथीत कॉफीची पूड आणि भाकरीचा करपलेला पापुद्रा, स्टाउट या काळ्या, करपट चवीच्या बिअरसाठी. पाचवीत काकवी आणि दोन मनुका, तांबूस आणि तपकिरी बिअरसाठी. सहावीत लिंबाची साल आणि आंब्याची किंवा पेरूची फोड, हॉप्सच्या, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांच्या फळवासासाठी. प्रत्येक वाटीवर ताटली झाकून दहा मिनिटे ठेवा, मग डोळे मिटून एकेकाने ओळखा. दोन छोटे हुंगे, मध्ये दहा सेकंद मोकळा श्वास. लांब श्वास घेतला तर नाक लगेच सरावते आणि वास ‘नाहीसा’ होतो.

दोषांचे वासही तिथेच बघून घ्या: वितळलेले लोणी, उकडलेल्या मक्याचे पाणी, हिरवे सफरचंद, भिजलेला पुठ्ठा, व्हिनेगर. पुढे टॅपवर हेच भेटणार आहेत.

त्या दिवशीचे जेवण

दुपारी काळ्या मसाल्याचा रस्सा नको, ठेचा नको, कच्चा कांदा-लसूण नको. खानदेशी माणसाला हे जड जाणार, पण तिखटाने तापलेल्या जिभेला बिअरमधले बुडबुडे आणि कडवटपणा दोन्ही दुप्पट बोचतात आणि माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याची गोडी कळत नाही. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास वरण-भात-तूप, खिचडी किंवा पोळी-साधी भाजी पोटभर खा. रिकाम्या पोटी अल्कोहोल भराभर रक्तात उतरते. पोटात जेवण असले की तोच चढ हळू आणि कमी होतो. तंबाखू, गुटखा, बडीशेप, पुदिन्याच्या गोळ्या दोन तास आधी बंद. अत्तर लावू नका, ते फक्त तुमच्या नव्हे, शेजाऱ्याच्याही नाकात बसते. ओठांवर व्हॅसलीन असेल तर पुसा, त्याच्या तेलकटपणाने फेस जागच्या जागी मरतो.

ब्रुअरीत काय विचारायचे

पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी ती एक. आज शहरात निवडीला भरपूर जागा आहेत, तेव्हा नाव बघून जाऊ नका, टाकीत काय ताजे आहे ते बघून जा. दुपारी फोन करून दोनच गोष्टी विचारा: आज टॅपवर कोणकोणत्या बिअर आहेत आणि त्यांतली सर्वांत नवी बॅच कोणती. गव्हाची बिअर आणि आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडू एल, ताजी असतानाच खरी. हॉप्सचा वास आठवड्यांत उतरतो, गव्हाच्या बिअरचा केळीपणाही फार टिकत नाही. स्टाउट आणि तिच्याच जवळची गडद पोर्टर महिनाभर जुनी असली तरी बिघडत नाही.

लागर मागताना थोडे सावध राहा. एल जातीची बिअर १८ ते २२ अंशांना आंबवून दोन-तीन आठवड्यांत प्यायला येते. लागर ८ ते १३ अंशांना सावकाश आंबते आणि मग थंडीत मुरायला आणखी आठवडे मागते, एकूण पाच-सहा आठवडे टाकी अडते. चार-सहा टाक्यांच्या जागेला हे परवडत नाही, म्हणून मेनूवर एल जास्त आणि लागर एखादीच. ती एखादी लागर घाईत टॅपवर आली असेल तर लोण्याचा वास तिला सोडत नाही. चांगली जमलेली लागर मात्र ब्रूमास्टरच्या हाताची खरी परीक्षा असते. तिच्यात लपवायला मसाला नाही, करपलेले माल्ट नाही.

सायडर मेनूवर दिसेल. ते सफरचंदाचे असते, बिअर नव्हे. आंबे, जांभूळ, मध घातलेल्या गोड बिअरही असतील. वाईट नसतात, पण पहिल्या चारांत घेऊ नका. गोडीनंतर पुढची प्रत्येक बिअर उगाच कडू लागते.

क्रम

रंगावरून क्रम लावू नका, ही नवख्यांची नेहमीची चूक. काळी स्टाउट अनेकदा साडेचार टक्क्यांची आणि मऊ असते, तर सोनेरी दिसणारी बेल्जियन स्ट्राँग एल आठ-नऊ टक्क्यांची. क्रम तीव्रतेवर लावा: कडवटपणा, करपेपणा, अल्कोहोल, आंबटपणा. पहिल्या जागी असे घ्या: लागर किंवा कोल्श (जर्मनीची हलकी, फिकी एल), मग विटबिअर, मग हेफेवायझन, मग तांबूस किंवा तपकिरी एल. दुसऱ्या जागी हलक्या पेल (फिक्या रंगाच्या) एलपासून सुरू करा, मग स्टाउट किंवा पोर्टर, मग आयपीए, आणि जागेत काही आंबट किंवा आठ टक्क्यांची असेल तर ती अगदी शेवटी. आयपीए स्टाउटच्या नंतर ठेवली आहे ती मुद्दाम. तिचा कडवटपणा जिभेवर दहा-पंधरा मिनिटे रेंगाळतो आणि मऊ स्टाउटला गिळून टाकतो.

मेनूवर आयबीयू लिहिलेले असते, तो कडवटपणाचा आकडा. हेफेवायझन १० ते १५, पेल एल ३० ते ४५, आयपीए ४० ते ७०. पण ६० आयबीयूची जाड, माल्टची बिअर ४० च्या हलक्या बिअरपेक्षा कमी कडू लागू शकते, कारण गोडी कडवटपणा झाकते. आकडा बघा आणि विसरा.

ग्लास, तापमान आणि चाखण्याची रीत

बर्फाळ, धुके चढलेला ग्लास आणला तर परत पाठवा. त्याने बिअर शून्याकडे जाते, वास बंद होतो आणि ग्लासवरचे बर्फ वितळून वर पाणी मिसळते. लागर ४ ते ७ अंश, गव्हाची ५ ते ८, आयपीए ७ ते १०, स्टाउट ८ ते १२. टॅपमधून बहुतेक सगळे एकाच थंडीत येते, म्हणून स्टाउट आणि आयपीए पाच मिनिटे टेबलावर राहू द्या. तळहातांत ग्लास धरून गरम केला तरी चालतो.

ग्लासाच्या आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर तो ग्लास नीट धुतलेला नाही. स्वच्छ ग्लासात बुडबुडे तळातून वर जातात, भिंतीला चिकटत नाहीत, आणि पिताना फेसाची वर्तुळे मागे राहतात. फेस दोन-तीन सेंटिमीटर हवाच. काठोकाठ बिना-फेसाची बिअर मागणे म्हणजे वास सोडून देणे. हे सांगावे लागते कारण आपल्याकडे फेस म्हणजे दुकानदाराची लबाडी असे पक्के बसले आहे.

आता रीत. आधी उजेडात रंग आणि गढूळपणा बघा. गव्हाची बिअर गढूळ असायलाच हवी, लागर पारदर्शक. ग्लास हलकेच फिरवून दोन हुंगे. मग १५ मिलीचा, म्हणजे मोठ्या चमचाभर, घोट घ्या आणि तो जिभेच्या कडांपर्यंत जाऊ द्या. वाइनसारखे थुंकू नका, गिळा, कारण कडवटपणा घशाच्या सुरुवातीला उमगतो. गिळून तोंड मिटून नाकातून श्वास सोडा. खरा वास याच वेळी येतो, त्यामुळे ही पायरी चुकवू नका. मग वीस सेकंद थांबा आणि कडवटपणा स्वच्छ संपतो की जिभेवर खरखर ठेवून जातो ते बघा. खरखर राहिली तर बहुधा माल्टच्या सालीतून कडक रस उतरला आहे. जास्त गरम पाण्याने किंवा प्रमाणाबाहेर धुतल्याने तसे होते.

प्रत्येकाने फोनवर तीनच गोष्टी लिहायच्या: वास, चव, पुन्हा घेईन की नाही. सगळ्यांनी लिहून झाल्याशिवाय कोणी बोलायचे नाही. एकाने ‘केळी’ म्हटले की बाकी पाचांना केळीच येते. दोन नमुन्यांमध्ये दोन घोट साधे पाणी आणि एक तुकडा पाव किंवा मूठभर साधे मुरमुरे. खारे शेंगदाणे, चकली, फरसाण चाखताना बाजूला, कारण मीठ कडवटपणा दाबते आणि आयपीएचा अर्धा स्वभाव गायब होतो. चारी नमुने संपले की खुशाल मागवा. एका नमुन्याला दहा मिनिटे द्या, एका जागी एक तास सहज जातो. प्रत्येक जागी प्रत्येकाने अर्धा लिटर पाणी प्यायचेच.

खराब बिअर कशी ओळखावी

आवडली नाही आणि खराब आहे, यांत फरक आहे. आयपीए कडू आहे म्हणून परत करता येत नाही. पुढचे दोष दिसले तर सौम्य शब्दांत सांगा. चांगली जागा बदलून देते आणि उलट आभार मानते.

लोणी, बटर-पॉपकॉर्न, जिभेवर तेलकट घसरडेपणा: डायअॅसिटिल. यीस्ट ते आंबवताना बनवते आणि शेवटी स्वतःच परत शोषते. शोषून होण्याआधी बिअर थंड केली की ते मागे राहते. उपाय सोपा असतो, शेवटचे दोन-तीन दिवस टाकी जरा उबदार ठेवायची, पण घाईत तो टळतो. घाणेरड्या टॅप-लाइनमधले जंतूही हेच करतात, मग लोण्याबरोबर आंबटपणा येतो. लोणी एकटे असेल तर दोष टाकीचा, आंबट असेल तर नळीचा, हा ठोकताळा बऱ्यापैकी चालतो.

हिरवे सफरचंद, कच्ची साल: अॅसिटाल्डिहाइड, बिअर कोवळी असतानाच काढलेली. उकडलेला मका, शिजलेला कोबी: डायमिथाइल सल्फाइड. ते फिक्या माल्टमधून येते आणि उकळताना वाफेबरोबर जायला हवे. कमी उकळले, झाकण ठेवून उकळले किंवा नंतर संथ गार केले तर उरते. लागरमध्ये किंचित असणे खपते, गव्हाच्या बिअरमध्ये खपत नाही. दवाखान्याचा, चिकटपट्टीचा वास: पाण्यातल्या किंवा निर्जंतुक करण्याच्या द्रावणातल्या क्लोरिनचा माल्टमधल्या द्रव्यांशी संयोग. हा अगदी थोडा असला तरी लपत नाही. इथे एक सावधगिरी हवी: हेफेवायझनमधली लवंग वेगळी, ती असायलाच हवी. लवंग उबदार लागते, चिकटपट्टी थंड आणि रासायनिक.

व्हिनेगर, आंबलेले ताक, ज्या बिअरमध्ये आंबटपणा अपेक्षित नाही तिथे: नळी किंवा नळाचे तोंड धुतलेले नाही. नळ्या दोन आठवड्यांनी कॉस्टिकने धुवायच्या असतात. एकाच जागी दोन वेगवेगळ्या टॅपवर हाच आंबटपणा आला तर तिसरा नमुना न मागवता बिल मागा. याने माणूस सहसा आजारी पडत नाही, कारण अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्स मिळून रोगजंतूंना बिअरमध्ये वाढू देत नाहीत. पण अशा जागी पैसे कशाला घालायचे.

घरची बैठक, खानदेशात

टॅपची बिअर पुण्याहून आणायचा विचार सोडा. ताजी, न गाळलेली बिअर गरम डब्यात तीनशे-साडेतीनशे किलोमीटर येईपर्यंत बदलते. चाळीसगाव, जळगाव, धुळ्याच्या मोठ्या दुकानांत कॅनमधल्या क्राफ्ट बिअर मिळतील त्या घ्या. घरच्या बैठकीत काय मिळते यापेक्षा ते कसे साठवले होते याला जास्त महत्त्व आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ ला जातो आणि दुकानामागचे पत्र्याचे गोदाम त्याहून तापते. बिअर धंद्यातला ठोकताळा असा: ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ४ अंशांत ३०० दिवस बिअरला सारखेच म्हातारी करतात. उन्हाळ्यात गोदामात पंधरा दिवस राहिलेली आयपीए म्हणजे भिजलेला पुठ्ठा. त्यामुळे बैठक डिसेंबर-जानेवारीत ठेवा, फ्रिजमधलाच माल मागा, आणि गव्हाची व आयपीए तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर घेऊ नका. तारीख कॅनच्या तळाला छापलेली असते. हिरव्या किंवा पारदर्शक बाटल्या काचेच्या उजेडी फ्रिजमधून घेऊ नका. प्रकाशाने हॉप्समधली द्रव्ये तुटतात आणि कुबट, रानमांजरासारखा वास येतो. तपकिरी बाटली बरीच वाचवते, कॅन पूर्ण.

परमिट काढून ठेवा, एक दिवसाचे, वर्षाचे किंवा आजीवन. महाराष्ट्रात घरी पिण्यालाही ते लागते. नंदुरबार-नवापूरकडचा कोणी मित्र येणार असेल तर उरलेले कॅन त्याच्या पिशवीत घालू नका. नवापूर स्टेशनाचा अर्धा फलाट गुजरातेत आहे आणि तिथे दारूबंदी आहे. आणि हुरूप येऊन घरीच बिअर बनवायचे मनात आले, तर परवान्याशिवाय तो सरळ गुन्हा आहे.

सहाजणांना पाच बिअर, प्रत्येकीचे ५०० मिलीचे एकेक कॅन पुरते, माणशी ८० मिलीच्या आसपास येते. त्यात दोन गव्हाच्या घ्या, एक विट, एक हेफेवायझन, म्हणजे धने आणि केळी शेजारी ठेवून बघता येतात. ग्लास पातळ काचेचे, सगळे सारखे. स्टीलचा पेला नको, रंग दिसत नाही. ग्लास भाजीच्या भांड्यांबरोबर घासू नका. वेगळ्या घासणीने खाण्याच्या सोड्याने धुवा, भरपूर पाण्याने विसळा आणि उपडे जाळीवर वाळू द्या, फडक्याने पुसू नका. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर शेवटी लिंबाच्या पाण्याने विसळा. तपासायचे असेल तर ओल्या ग्लासात आतून चिमूटभर मीठ भुरभुरा. सगळीकडे सारखे चिकटले तर स्वच्छ, जिथे चिकटले नाही तिथे तेल आहे.

ओतताना ग्लास ४५ अंशात तिरका, अर्धा भरला की सरळ. हेफेवायझनचे तळाचे तीन-चार सेंटिमीटर कॅनमध्येच ठेवा, फिरवून गाळ सुटा करा आणि सगळ्यांच्या ग्लासात थोडे थोडे घाला. तो गाळ म्हणजे यीस्ट, चवीचा भाग आहे. ज्यांचे पोट लवकर फुगते त्यांनी गाळ वगळला तरी चालेल.

चाखणे संपले की खानदेशी जेवण, आणि इथे खरी मजा आहे. जळगावच्या हिरव्या वांग्याच्या भरताला काड्यांवर भाजल्याचा धुरकट वास असतो, त्याच्याजवळ पोर्टर किंवा तपकिरी एल ठेवा, भाजलेल्या माल्टशी तो नीट जुळतो. कळण्याच्या भाकरीलाही तीच. शेवभाजीला आयपीए कधीच नको. मिरचीची आग हॉप्सच्या कडवटपणाने आणि अल्कोहोलने आणखी पेटते आणि दोघांपैकी कोणाचीच चव लागत नाही. तिथे विटबिअर, गार आणि हलकी. काळ्या मसाल्याच्या मटणाला गडद लागर मिळाली तर उत्तम, नाहीतर स्टाउट. बिबड्या आणि कुरडया लागरबरोबर. मांडे किंवा पुरणपोळी शेवटी गोड स्टाउटबरोबर एकदा करून बघा. गूळ आणि करपलेले माल्ट यांची जोडी अनेकांना पहिल्यांदा विचित्र वाटते, दुसऱ्या घासाला पटते. ठेचा मात्र ताकाबरोबरच. मिरचीचा तिखट अंश पाण्यात विरघळत नाही आणि पाच टक्क्यांच्या बिअरनेही धुतला जात नाही, ताकातले दुधाचे प्रथिन तो उचलते.

आणि जेवणाआधी एक चाचणी जरूर करा, कोण खरेच चाखतो आणि कोण बडबडतो ते पाच मिनिटांत कळते. एकाने आत जाऊन तीन सारख्या ग्लासांत बिअर ओतायची, दोन ग्लासांत एक आणि तिसऱ्यात तिच्याच जातीची दुसरी, म्हणजे दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या हेफेवायझन. ग्लासांच्या तळाला खूण, तापमान तिन्हींचे सारखे, प्रमाण सारखे, ३० मिली पुरे. रंगात फरक असेल तर ग्लासांना बाहेरून कागद गुंडाळा. बाकीच्यांनी वेगळा ग्लास कोणता ते कागदावर लिहायचे. नुसत्या अंदाजाने तिनांत एकदा बरोबर येतेच, म्हणून एकदा जमले याला अर्थ नाही, ग्लासांची जागा बदलून तीन वेळा करा. तिन्ही वेळा बरोबर यायची अंदाजाने शक्यता २७ मध्ये एक. ज्याला तिन्ही जमले त्याला पुढच्या वेळी खरेदीला पाठवा. चाचणीसाठी प्रत्येकाचे २७० मिली जादा जातात हे हिशेबात धरा आणि त्या दिवशी पाचऐवजी तीनच बिअर मांडा.